त्सुबा बघायला शिकताना: आधी धातू, मग चित्र, सही सगळ्यात शेवटी

जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामध्ये धातूची जी चकती बसते, ती त्सुबा. काताना या लांब तलवारीची त्सुबा साधारण ७ ते ८.५ सेंटिमीटरची, वाकिझाशी या आखूड तलवारीची त्याहून लहान; जाडी ४-५ मिलिमीटर. मुठीवरचा हात घसरून धारेवर जाऊ नये, हे तिचं पहिलं काम. तलवारीचा तोल सांभाळणं हे दुसरं. समोरच्याचा वार झेलण्याचं काम आपण सिनेमे बघून समजतो तेवढं मोठं नव्हतं.

१६०३ ते १८६८ हा एदो काळ बहुतांशी शांततेचा. तलवार उपसायची वेळ क्वचित यायची, कमरेला मात्र ती रोज असायची. त्यामुळे मालकाची ऐपत, आवड आणि पदाची शिस्त या चकतीवर उतरू लागली. एकाच पात्यासाठी दोन-तीन त्सुबा बाळगून प्रसंगानुसार बदलणारेही होते. पुढे १८७६ मध्ये सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगायला बंदी केली. कारागिरांचा धंदा बसला आणि हजारो त्सुबा तलवारींपासून सुटून युरोप-अमेरिकेच्या बाजारात गेल्या. आज सुट्या त्सुबा इतक्या सहज विकायला दिसतात, त्याचं एक मोठं कारण हे.

नवखा माणूस त्सुबा हातात आली की आधी चित्र बघतो, मग सोनं किती लावलंय ते बघतो आणि मग सही शोधतो. बनावट माल विकणारे याच क्रमावर पोट भरतात. म्हणून खालच्या पायऱ्या मुद्दाम उलट्या लावल्या आहेत.

पहिली पायरी: सरळ धरा आणि भोकं वाचा

मधलं पाचरीसारखं उभं भोक म्हणजे नाकागो-आना. पात्याचं मुठीत जाणारं शेपूट यातून जातं. त्याचं निमुळतं टोक वर, रुंद बाजू खाली अशी त्सुबा धरा. पात्याची धार वरच्या अंगाला येते. जी बाजू मुठीकडे असते ती दर्शनी, कारण तलवार कमरेला असताना समोरच्याला तीच दिसते. चांगलं काम आणि सही बहुधा याच बाजूवर असते.

मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक भोक असू शकतं. दर्शनी बाजूने बघताना डावीकडचं अर्धचंद्रासारखं असतं. म्यानाच्या खाचेत कोझुका नावाच्या छोट्या सुरीची मूठ बसते, तिला वाट देण्यासाठी ते. उजवीकडचं तीन पाकळ्यांसारखं, ते कोगाइसाठी. कोगाइ म्हणजे केस सारखे करण्याची चपटी सळई. दोन्ही भोकं असतीलच असं नाही. कधी एकच, कधी एकही नाही. पुढच्या मालकाला नको असलेलं भोक शिसं किंवा शाकुदो (तांबं-सोन्याचा काळा मिश्रधातू, तिसऱ्या पायरीत येतो) घालून बुजवलेलंही सापडेल. तो दोष मानू नका. वस्तू वापरात होती, एवढंच त्यातून कळतं.

मधल्या भोकाभोवतीची लंबगोल सपाट जागा म्हणजे सेप्पादाइ. तिच्यावर तांब्याच्या पातळ चकत्या बसत, त्यांना सेप्पा म्हणतात. खरोखर तलवारीवर चढलेल्या त्सुबेवर या जागेचा रंग बाकीच्या पृष्ठभागाहून थोडा वेगळा असतो, कडेला घासल्याची फिकट रेष असते. नाकागो-आनाच्या वरच्या-खालच्या टोकाला तांब्याचे छोटे तुकडे ठोकलेले दिसले तर ते सेकिगाने. मऊ धातू असल्यामुळे पात्याच्या शेपटाला इजा न होता त्सुबा घट्ट बसते. भोकाच्या काठावर छिन्नीचे ठोकेही दिसतात. धातू आत ढकलून भोक आवळण्यासाठी ते मारलेले असतात. पात्यागणिक असं आवळणं, सैल करणं चालायचं. भोकाला कसलाच वापर दिसत नसेल तर कारण शोधा. भेट देण्यासाठी किंवा प्रदर्शनासाठी बनवलेल्या, कधीच न चढवलेल्या उत्तम त्सुबाही आहेत. पण त्यांचं काम इतकं चोख असतं की ओळखायला त्रास होत नाही.

दुसरी पायरी: लोखंड

सर्वांत जास्त वेळ इथे घाला. जुन्या त्सुबांत लोखंडाच्याच जास्त, आणि त्यातल्या चांगल्या त्सुबांचं निम्मं सौंदर्य त्या पत्र्यातच असतं. दिवा वरून न धरता बाजूने धरा, म्हणजे उजेड पृष्ठभागावर सरपटत जाईल. जुन्या घडीव लोखंडाचा रंग नुसता काळा नसतो. काळ्यात तपकिरी असतो, आणि चांगल्या तुकड्यात जांभळ्याची किंचित झाक येते. पृष्ठभाग सपाट दिसला तरी घणाचे मंद उंचवटे जाणवतात. कडेवर कुठे कुठे चकाकणाऱ्या कठीण गाठी दिसतात, त्यांना तेक्कोत्सु म्हणतात. घडवताना पोलाद सगळीकडे सारखं मिसळलं नाही, त्याची ही खूण. कानायामा प्रकारच्या लहानखुऱ्या, जाड त्सुबांत जाणकार या गाठीच आधी शोधतात.

आता ओतीव बनावट. साच्यात लोखंड ओतून काढलेल्या नकला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पर्यटकांना विकल्या गेल्या, अजूनही विकल्या जातात. त्या ओळखायला जाळीकामाच्या आतल्या भिंती बघा. वरचा चेहरा घासून नीट करता येतो, आत हात पोचत नाही. घडीव त्सुबेत नक्षी करवतून, कानशीने काढलेली असते; भिंतींवर कानशीच्या बारीक रेघा असतात आणि कोपरे टोकदार असतात. ओतीव नकलेत भिंतीच्या मध्यावर साच्याचा उभट सांधा, बारीक बुडबुड्यांची छिद्रं आणि साबणासारखे गुळगुळीत झालेले कोपरे सापडतात. दोऱ्यावर टांगून नखाने टिचकी मारली तर घडीव लोखंड बहुधा खणखणतं, ओतीव ठस्स वाजतं. आवाजावर एकट्यावर मात्र निकाल देऊ नका. सेकिगाने किंवा बुजवलेली भोकं असली की घडीवही मंद वाजते.

ऑनलाइन बघत असाल तर आणखी एक साधा उपाय आहे. फोटो इमेज सर्चमध्ये टाका. तीच त्सुबा, त्याच जागी तोच खड्डा घेऊन चार दुकानांत दिसली तर साचा एकच आहे.

तिसरी पायरी: काळं सोनं आणि राखाडी चांदी

लोखंडाखेरीजच्या त्सुबांत तांबं, पितळ आणि जपानी कारागिरांचे दोन खास मिश्रधातू येतात. शाकुदो म्हणजे तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं. वितळवून घडवल्यावर तो तांब्यासारखाच दिसतो. मग जंगाल आणि मोरचूद घातलेल्या पाण्यात तो उकळतात, आधी किसलेल्या मुळ्याचा रस चोळून, म्हणजे डाग न पडता रंग सारखा चढतो. पृष्ठभागावर निळसर काळी साय येते. ती रंगाची पुटं नसून धातूचीच कातडी असते. बिदरीकाम जवळून पाहिलेल्यांना हे लगेच पटेल: बिदरच्या किल्ल्यातली माती लावून जस्ताच्या मिश्रधातूवर आणलेला काळा रंगसुद्धा लेप नसतोच. धातू वेगळा, रसायन वेगळं, पण काळ्या जमिनीवर चांदी-सोनं उठून दिसावं ही हौस दोन्हीकडे सारखी.

दुसरा मिश्रधातू शिबुइची. तांब्यात चांदी, नावाप्रमाणे एक चतुर्थांश, प्रत्यक्षात बऱ्याचदा कमी. रंग पावसाळी आभाळासारखा राखाडी, कधी हिरवट. चांदणं, धुकं, पाणी दाखवायचं असलं की कारागीर हा धातू निवडत.

इथे फसवणूक असते ती काळं केलेलं पितळ किंवा रंगवलेलं तांबं शाकुदो म्हणून खपवण्याची. उंचवट्यांच्या टोकांकडे भिंग धरा. खऱ्या शाकुदोची साय घासली गेली की आत तांबूस तपकिरी डोकावतो आणि काळ्यापासून तिथपर्यंत रंग हळूहळू उतरतो. रंग दिला असेल तर तो तुटक सुटतो, खपली निघाल्यासारखा, आणि खाली पिवळं पितळ चमकतं.

म्हणूनच घरात पितळेच्या समईला लावता ती पितांबरी, चिंच, लिंबू यातलं काहीही त्सुबेच्या जवळ आणू नका. दोन मिनिटांत दोनशे वर्षांची साय जाते, आणि ती पुन्हा चढवणं हे जपानमधल्या तज्ज्ञाचं काम आहे.

चौथी पायरी: हात कसा चाललाय

आता नक्षीकाम. जमीन, खोदकाम, जडावकाम या क्रमाने बघा.

जमिनीत सगळ्यात देखणी नानाको. गाबोळी पसरावी तसे बारीक गोल दाणे, प्रत्येक दाणा वाटीसारख्या तोंडाच्या टोच्याने एकेका ठोक्यात उठवलेला. दाणा एक मिलिमीटरहूनही लहान असू शकतो. भिंगाखाली ओळी सरळ आहेत का, एकाच दाण्यावर दोन ठोके पडलेत का, आणि मुख्य म्हणजे उठावाच्या चित्राला ओळ कशी भिडते, ते बघा. हलक्या कामात चित्राच्या कडेशी दाणे वेडेवाकडे होतात किंवा मधे मोकळी पट्टी राहते. उत्तम कामात ओळ चित्राखालून सरकत गेल्यासारखी वाटते.

खोदकामात ताकाबोरी म्हणजे उंच उठाव, केबोरी म्हणजे केसासारखी रेघ. मला स्वतःला सगळ्यांत आवडतं ते काताकिरीबोरी. यात खोदलेल्या रेघेची एक भिंत उभी, दुसरी उतरती असते. छिन्नी कलती करत नेल्याने रेघ कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखी जाड-बारीक होते. योकोया सोमिन (१६७०–१७३३) याचं नाव या पद्धतीशी जोडलं जातं. यात चुकलेली रेघ दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे कारागिराचा हात लगेच उघडा पडतो. नकलाकाराची रेघ मध्येच अडखळते, रुंदी एकसारखी राहते.

जडावकामाला झोगान म्हणतात. खाच खोदून, तिची तोंडं आतून रुंद ठेवून धातूची तार किंवा तुकडा ठोकून बसवणं हे अस्सल झोगान. नुनोमे-झोगान वेगळं: लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी कापायची आणि सोन्याचा वर्ख तिच्यावर दाबून ठोकायचा. आपल्याकडच्या शस्त्रांवरची कोफ्तगिरी हेच तंत्र. झीज झाल्यावर दोन्हींतला फरक उघड होतो. नुनोमेतलं सोनं उडालं की खालची जाळी दिसते, अस्सल झोगानातून तुकडा निघाला की खड्डा उरतो. सोनं अर्धं उडालेली नुनोमे त्सुबा स्वस्तात मिळते आणि तंत्र शिकायला ती अख्ख्या त्सुबेपेक्षा बरी.

सुकाशी म्हणजे जाळीकाम, आणि साध्या लोखंडात त्याची गंमत वेगळीच. कधी पत्र्यात चित्राचीच आकृती कापून भोक ठेवलेलं असतं. कधी उलट, सगळी जमीन काढून टाकून चित्र तेवढं राखलेलं असतं. ओवारी प्रांतातली सुकाशी ताठ आणि रेखीव, क्योतोकडची नाजूक. त्सुबा उजेडासमोर धरून रिकाम्या जागांचे आकार बघा. चांगल्या कारागिराने तेही तितक्याच काळजीने काढलेले असतात.

पाचवी पायरी: घराणी, फार घाई न करता

शेकडो घराण्यांची नावं पाठ करून सुरुवातीला काही मिळत नाही. चार-पाच खुंट्या पुरतात.

गोतो घराणं: संस्थापक गोतो युजो (१४४०–१५१२), शोगुनांच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधाऱ्यांच्या, दरबाराचे कारागीर, शाकुदोवर नानाको आणि सोन्याचा उठाव. पहिल्या पिढ्यांचा भर कोझुका, कोगाइ आणि मुठीवरच्या नक्षीतुकड्यांवर होता, त्यांच्या त्सुबा अतिशय दुर्मीळ. कुणी युजोची त्सुबा दाखवली तर हसून पुढे चला. क्योतोचा उमेतादा म्योजु (१५५८–१६३१) याने रंगीत धातूंची चित्रमय मांडणी आणली. हिगो, म्हणजे आजचं कुमामोतो: तिथल्या होसोकावा तादाओकी या चहाविधीच्या जाणकार सरदाराच्या आश्रयाला वाढलेली काही घराणी, संयत आणि लोखंडाला जपणारी. नामवंत तलवारबाज मियामोतो मुसाशी अखेरच्या वर्षांत इथेच होता आणि समुद्रकाकडीच्या आकाराची साधी सुकाशी परंपरेने त्याच्या नावावर आहे. हिकोनेचा सोतेन: चिनी कथांमधली माणसं, झाडं, घोडे यांची गर्दी, सोन्याचे ठिपके. ही शैली इतकी खपली की तिच्या अनुकरणांचा पूर आला; पहिल्या खरेदीत सोतेन टाळा. आणि शेवटचा मोठा, कानो नात्सुओ (१८२८–१८९८). तलवारबंदीनंतरही त्याच्या हाताला काम राहिलं, कारण एदो काळानंतर आलेल्या मेइजी सरकारच्या नव्या नाण्यांचे नमुने त्याने केले होते.

नानबान प्रकाराबद्दल मराठी वाचकाला थोडं कुतूहल वाटेलच. पोर्तुगीज जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाऊ करत नागासाकीला जात. या परक्यांना जपानी लोक दक्षिणेकडचे रानटी म्हणत आणि नाव तिथून आलं. वेलींची दाट गुंतागुंत, तिच्यात शिरलेले ड्रॅगन आणि मण्यांची किनार ही या त्सुबांची ओळख. पण गोव्याशी धागा जोडायला फार धावू नका. पोर्तुगीजांना १६३९ मध्ये जपानमधून हाकललं आणि आज दिसणाऱ्या बहुतेक नानबान त्सुबा त्यानंतरच्या आहेत; त्यांचं नातं चिनी कामाशी जास्त लागतं.

सहावी पायरी: आता चित्र

इतकं बघून झालं की चित्राकडे वळा. चतुर हा पुढेच जाणारा, विजयाचा कीटक म्हणून योद्ध्यांचा लाडका. रानबदकं आणि चंद्र म्हणजे शरद ऋतू. यातलं एक अंग आपल्याला ओळखीचं निघतं. बौद्ध धर्मासोबत जपानला गेलेले देव त्सुबांवर भेटतात: बेनतेन म्हणजे सरस्वती, दाइकोकुतेन म्हणजे महाकाल (तिथे तो तांदळाच्या पोत्यांवर बसून हसतो), फुदो म्योओ म्हणजे अचल. दारुमा हा बोधिधर्म. वज्र आणि धर्मचक्र कापलेल्या सुकाशी आहेत. काही त्सुबांवर सिद्धम लिपीतली संस्कृत बीजाक्षरं कोरलेली सापडतात. देवनागरी वाचणाऱ्याला ती थेट वाचता येत नाहीत, पण अक्षराची ठेवण ओळखीची वाटते. संग्रहाला विषय हवा असेल तर हा विषय घ्या. आपल्यातल्या कुणालाही तो इतरांपेक्षा लवकर उमगेल.

सातवी पायरी: सही आणि कागद

सही सेप्पादाइवर असते. बऱ्याचदा उजवीकडे गाव किंवा प्रांत, डावीकडे नाव, कधी जोडीला काओ नावाची वळणदार मोहोर. कानेइए, नोबुइए, सोमिन ही नामवंत कारागिरांची नावं इतक्या वेळा खोटी कोरली गेली आहेत की ती दिसली की उत्साहाऐवजी संशय यावा. सहीशिवायची त्सुबा कमी प्रतीची, असं मात्र नाही. जुन्या लोखंडी त्सुबांपैकी बहुसंख्य बिनसहीच्याच, आणि बिनसहीच्या वस्तूवर कुणी मेहनत करून खोटेपणा करण्याची शक्यता कमी.

कागद म्हणजे प्रमाणपत्र. १९४८ मध्ये स्थापन झालेली जपानची तलवार-संरक्षण संस्था, जिचं संग्रहालय तोक्योच्या र्योगोकु भागात आहे, तिची प्रमाणपत्रं सर्वत्र मानली जातात. चढत्या क्रमाने होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो, तोकुबेत्सु जुयो. याच संस्थेची किचो नावाची जुनी प्रमाणपत्रंही बाजारात फिरतात. त्यांच्यावर आज तेवढा भरवसा ठेवत नाहीत. कागद दाखवला तर त्यावरचा फोटो आणि हातातली त्सुबा भोकाभोवतीच्या ठोक्यांसकट जुळवून बघा. खऱ्या कागदाला दुसरी त्सुबा जोडणं अवघड नाही.

आठवी पायरी: पहिली खरेदी

खरेदीआधी भरपूर बघा. बॉस्टनचं ललित कला संग्रहालय, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट यांच्या संकेतस्थळांवर त्सुबांचे मोठे फोटो फुकट बघता येतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेल्या जपानी वस्तू आहेत. धातूच्या सायीकडे आणि बारीक कामाकडे बघायची सवय लावायला ते दालन चांगलं.

पहिली त्सुबा बिनसहीची, लोखंडी, साध्या सुकाशीची घ्या. होझोन कागद परवडला तर उत्तम. विकणाऱ्याकडे दोन्ही बाजूंचे, कडेचे आणि मधल्या भोकाचे जवळून काढलेले फोटो मागा, शिवाय उंची, रुंदी, मध्यावरची आणि कडेची जाडी, वजन. कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या. आणि एक भारतीय अडचण लक्षात असू द्या: शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत. इथे आणलेली त्सुबा पुढे परदेशी लिलावात विकू, हा हिशोब धरून खरेदी करू नका.

घरी आणल्यावर

लोखंडी त्सुबा कोरड्या, स्वच्छ सुती फडक्याने अधूनमधून हलकेच पुसत राहा. त्याने तिचा रंग खुलतो. शाकुदो, शिबुइचीला बोटं लावू नका, कडेने धरा. काळा, घट्ट गंज हा लोखंडाचा पोशाख आहे, त्याला हात लावायचा नाही. लाल, भुकटीसारखा गंज तेवढा काढायचा. जपानमध्ये त्यासाठी हरणाच्या शिंगाचा तुकडा वापरतात. आपल्याकडे अशा शिंगांच्या व्यापाराला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तेव्हा बांबूची चपटी काडी किंवा म्हशीच्या हाडाचा घासलेला तुकडा घ्या आणि तेलाचा एखादा थेंब लावून सावकाश घासा. तारेचा ब्रश, सँडपेपर, गंज काढायची रसायनं अजिबात नकोत.

ठेवायला आत गादी असलेली, किरी (पॉलोनिया) लाकडाची पेटी जपानमधूनच मागवता येते. मुंबईत किंवा कोकणात ती पेटी हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. डब्यात रबर बँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. माप, वजन, कुठून घेतली आणि आधी कुणाकडे होती याची नोंद कागदावर लिहून पेटीत ठेवा, प्रमाणपत्र मात्र वेगळ्या फाइलमध्ये. सिलिका जेल जूनच्या सुरुवातीला बदला, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा.